टीव्हीची पाठ बघणारे दाजी

आधीच सांगून ठेवते, माझं अक्षर चांगलं नाही आणि पहिली वेलांटी कुठं, दुसरी कुठं हे मला अजून नीट कळत नाही. चौथीनंतर पेन हातात घेतला तो किराणाची यादी करायला. ही वही कधी कुणाच्या हाती पडलीच, तर चुका पोटात घालाव्यात. मजकूर आमच्या दाजींबद्दल आहे आणि तो खरा आहे.

औशापासून नांदेडपर्यंत असा एकही टीव्ही, ट्रॅक्टर किंवा देवळातला भोंगा नसेल, ज्याच्या पोटात काय पचतं आणि काय पचत नाही हे आमच्या दाजींना ठाऊक नाही. डॉक्टर माणसाची नाडी बघतो, दाजी टीव्हीची पाठ बघतात. दाजी म्हणजे माझ्या अक्काचे मालक. औशाला एसटी स्टँडच्या बाजूला त्यांचं एक खणाचं दुकान आहे. तिथं ते पूर्वी कॅसेटा भरून द्यायचे, मग सीड्या, आणि आता पेन ड्राइव्ह. अशी दुकानं सगळीकडं असतात. गिऱ्हाईक येतं, गाणी भरून घेतं आणि पाच मिनिटांत जातं. दाजींच्या दुकानातून मात्र पाच मिनिटांत कुणी गेलेलं मी बघितलं नाही. गिऱ्हाईक पायरी चढलं की दाजी चष्मा कपाळावर ढकलतात आणि विचारतात, "कशात लावणार?" भजनं कोणती हवीत, किती हवीत, हे नंतर. ट्रॅक्टरमध्ये लावणार, टीव्हीला लावणार, देवळातल्या गाण्यांच्या डब्याला लावणार की मुलाच्या कंप्युटरला, हे कळल्याशिवाय ते पेन ड्राइव्हला हात लावत नाहीत. माणूस म्हणाला की घरच्या टीव्हीला, तर पुढचा प्रश्न, टीव्ही कोणत्या सालचा. ते आठवत नसेल तर दाजी दुकानाला कडी घालून त्याच्याबरोबर त्याच्या घरी जातात. वीस रुपयांच्या गाण्यांसाठी ते सायकलवर किल्ल्याच्या पलीकडं जाऊन आलेले आहेत.

त्यांच्या खिशात एक कापडी बटवा असतो. त्यात तीन पेन ड्राइव्ह, एकाला लाल दोरा, एकाला पिवळा, एकाला काळा. मी एकदा औशाला गेले असताना ह्या दोऱ्यांचं काय आहे म्हणून विचारलं. मला कोण कशाला समजावून सांगतंय, असं वाटत होतं. पण दाजींनी स्टूल पुढं ओढून मला बसवलं आणि दोन गिऱ्हाइकं ताटकळत ठेवून सांगितलं. पेन ड्राइव्ह म्हणजे रिकामी खोली, आणि आत सामान कोणत्या रीतीनं लावायचं ती रीत म्हणजे फॉरमॅट. तीन रीती आहेत. नावं इंग्रजीत लांबलचक आहेत, पण दाजी त्यांना बत्तीस, एनटी आणि एक्स म्हणतात. "बत्तीस हा गरीब पाहुणा बगा, बाई," ते म्हणाले. "कुणाच्याबी घरी नेऊन बसवा, तक्रार न्हाई. पण चार जीबीच्या वरचा एक घास त्याच्या तोंडात जात न्हाई. एनटी पैलवान हाय, कितीबी मोठा घास गिळतो, पण तो कंप्युटरच्या घरचा. दुसऱ्याच्या दारात त्याला कुणी पाणी विचारंल का न्हाई, सांगता येत न्हाई. एक्सबी मोठा घास खातो, नव्या लोकांत त्याची ऊठबस लई, पण जुनी माणसं त्याला ओळखतच न्हाईत." लाल दोरा बत्तीसचा, पिवळा एक्सचा, काळा एनटीचा. मला हे जे एकदा कळलं ते कायमचं. नांदेडला येऊन मी माझ्या कॉलेजात जाणाऱ्या लेकीला समजावलं, तेव्हा ती माझ्याकडं बघतच राहिली. त्या दिवशी स्वयंपाक करताना मी उगाच गुणगुणत होते.

बटव्यातल्या त्या तिन्ही पेन ड्राइव्हमध्ये दाजींनी एकच छोटं चित्रण भरून ठेवलं आहे. आमची अक्का चुलीपुढं बसून भाकरी थापते आहे आणि मान वर न करता म्हणते आहे, "मोबाइल ठेवा अन् ताटावर बसा." नवीन टीव्ही दिसला की दाजी तिन्ही आळीपाळीनं लावून बघतात. ज्या दोऱ्याची अक्का दिसली, तो त्या घराचा फॉरमॅट. त्यामुळं औसा तालुक्यातल्या जवळजवळ प्रत्येक टीव्हीवर आमच्या अक्कानं भाकरी थापलेली आहे. बाजारात अनोळखी बायका तिला ओळख दाखवतात. अक्का चिडते. "सगळ्या तालुक्याला मी भाकरी करून दावते, अन् ह्यांना घरी गरम खायला सवड न्हाई," असं ती मला दर फोनला सांगते.

एकदा एक ट्रॅक्टरवाले आले. त्यांचा मुलगा पुण्याला कंप्युटरचं शिकत होता आणि त्यानं सांगितलं होतं की एनटीच घ्या, तोच सगळ्यात पुढचा. दाजी म्हणाले बत्तीस घ्या. ते ऐकेनात. शेवटी दाजी म्हणाले, "तुमचा मुलगा लई हुशार हाय, पण तुमचा ट्रॅक्टर शिकलेला न्हाई." आणि स्वतः ट्रॅक्टरवर चढून त्यांनी आधी काळा दोरा लावला. गप्प. मग लाल लावला. तिन्ही दोऱ्यांत त्यांनी नुसत्या आवाजाचीही वेगळी प्रत भरलेली असते. भर स्टँडपुढं मोठ्या स्पीकरातून भाकरी थापल्याचा आवाज सुरू झाला आणि अक्कानं सगळ्या बसप्रवाशांना ताटावर बसायला सांगितलं.

दुकानात एक पाटी आहे, दाजींनी स्वतः रंगवलेली. 'टीव्हीनं फॉरमॅट करू का असं विचारलं तर नाही म्हणावे. लाजू नये.' ह्या पाटीमागं एका म्हाताऱ्या बाईंची गोष्ट आहे. नातवाच्या बारशाचं सगळं चित्रण त्यांनी टीव्हीला लावलं. टीव्हीनं फॉरमॅट करू का विचारलं, त्यांनी हो दाबलं, आणि बारसं पुसलं गेलं. दाजींनी विचारलं, हो का म्हणालात. तर म्हणाल्या, त्यानं एवढं अदबीनं विचारलं, मग नाही कसं म्हणायचं. दाजी दोन दिवस नीट जेवले नाहीत. आपल्याकडची माणसं विचारणाऱ्याला नाही म्हणत नाहीत, हे त्या टीव्ही बनवणाराला कुठून ठाऊक असणार, असं ते म्हणत राहिले. मग पाटी आली.

आणि एक वही आहे. ज्या ज्या घरी दाजी जातात, तिथल्या टीव्हीची नोंद त्या वहीत होते. लग्न असो, बारसं असो, कुणाला भेटायला जायचं असो. हिमायतनगरला दाजींच्या पुतण्यासाठी मुलगी बघायला गेलो होतो. मुलगी पोहे घेऊन आली, सगळे तिच्याकडं बघत होते आणि दाजी टीव्हीच्या मागं होते. मुलीचे वडील घाबरले. त्यांना वाटलं, पाहुण्यांना मोठा टीव्ही पाहिजे असणार. दाजी डोक्याला जळमट लावून बाहेर आले आणि म्हणाले, टीव्ही तुमचाच राहू द्या, मला फक्त त्याची पाठ बघायची होती. अक्कानं घरी येईपर्यंत त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं. मीही तेव्हा मनात म्हणाले होते की ह्या वहीचा उपयोग काय. हे मी लिहून ठेवते, म्हणजे मला त्याची आठवण राहील.

आता लेकीचं सांगते. माझी लेक कबड्डी खेळते. चढाई करते. आमच्या घरात कुणी कधी खेळलेलं नाही. मी तर चार माणसांत बोलायची वेळ आली की पदराचं टोक पिळत बसते. पण ती मैदानात उतरली की वेगळीच कुणी असते, असं बघणारे सांगतात. बाहेरगावच्या खेळाच्या वसतिगृहात मुली घेणार होते. राहणं, खाणं, शिकणं तिकडंच आणि वर महिन्याला हातखर्च. चढाई करणाऱ्यांसाठी दोनच जागा होत्या. पुढच्या वर्षी तिचं वय निघून जाणार होतं, आणि यंदा झालं नाही तर तिच्या वडिलांनी स्थळं बघायला लागायचं ठरवलं होतं. त्यांच्यावर माझा राग नाही, रिक्षा चालवून त्यांनी तिला बूट घेतले होते. पण लेक रात्री कूस बदलायची ते मला ऐकू यायचं.

निवड नांदेडलाच होणार होती. पूर्ण सामन्याचं चित्रण मागितलं होतं. कॅमेऱ्यातून निघालेली मूळ फाइल, सलग, काटछाट न केलेली. एकच पेन ड्राइव्ह, बंद पाकिटात, सकाळी नऊच्या आत. समिती ती आपल्या टीव्हीवर बघणार, आणि चाललं नाही तर अर्ज बाद, दुसरी संधी नाही, असं कागदावर लिहिलेलं होतं. सामना चित्रित करणाऱ्यानं सांगितलं, फाइल सहा जीबीची आहे, एक्समध्ये देतो, आजकाल सगळे एक्समध्येच देतात. मी दाजींना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कशात लावणार?" मी म्हटलं, त्यांच्या टीव्हीत. "कोणता टीव्ही?" ते मला कसं माहीत असणार. दाजी म्हणाले की बत्तीस तर बाद झाला, घास मोठा आहे. राहिले दोन. आणि त्यातला कोणता, हे त्या टीव्हीची पाठ बघितल्याशिवाय ब्रह्मदेवही सांगू शकणार नाही. फाइल तेवढी घेऊन पोरीला औशाला पाठवा, असं त्यांनी सांगितलं.

लेक औशाला जाऊन आली. आणि निवडीच्या आदल्या दिवशी पहिल्या गाडीनं दाजी नांदेडला उतरले. बरोबर दोन नवे पेन ड्राइव्ह, हुबेहूब सारखे, दोन्हीत तोच सामना. पिवळ्या दोऱ्याचा एक्स, काळ्या दोऱ्याचा एनटी. लेकीला घेऊन ते थेट त्या कार्यालयात गेले. तिथल्या कारकुनानं सांगितलं की समिती उद्या बसेल, आज टीव्ही बघायला मिळणार नाही. दाजी बाकावर बसून राहिले. कारकून डबा खायला बसला तेव्हा दाजींनी सहज विचारलं की तुमच्या घरचा टीव्ही कोणता. दहा मिनिटांत कारकुनाच्या घरचं, दिवाळीपासून न चालणारं सत्यनारायणाचं चित्रण का चालत नाही, ते दाजींनी सांगून टाकलं. त्यानं हात धुतले आणि आतलं दार उघडलं. दाजींनी बटवा काढला. पिवळा दोरा लावला, पडदा काळाच. काळा लावला आणि भिंतीएवढ्या टीव्हीवर अक्का भाकरी थापायला लागली. नेमके तेव्हाच मोठे साहेब आत आले आणि हे काय चाललंय म्हणून थबकले. लेक सांगते, ती खांबामागं लपली. दाजी मात्र अदबीनं म्हणाले, "साहेब, तुमचा टीव्ही तपासायलोय. ह्याला एनटी पचतंय, एक्स पचत न्हाई. बाकी तब्येत चांगली हाय." साहेबांनी पडद्याकडं बघितलं. अक्का म्हणाली, ताटावर बसा. साहेब हसून जेवायला गेले म्हणे.

संध्याकाळी दाजींनी दोन्ही पेन ड्राइव्ह माझ्या देवघरात ठेवले. काळा उद्या पाकिटात घालायचा, पिवळा आपल्याकडं राहू द्यायचा, असं मला दोनदा सांगितलं आणि शेवटच्या गाडीनं औशाला गेले, कारण घरी अक्का एकटी होती.

आणि सकाळी मी काय केलं ते लिहायला हात उचलत नाही, पण लिहिते. लेक पहाटे सरावाला गेली होती. मी अंघोळ करून दिवा लावला. देवापुढं लेकीचं नशीब काळा दोरा बांधून पडलेलं मला बघवेना. पोर एवढ्या चांगल्या कामाला निघणार आणि काळा दोरा. मी कात्रीनं तो कापला. मग पिवळ्याचाही कापला, एकालाच का म्हणून. दोघांना देवाचा तांबडा नाडा बांधला, हळदीकुंकू लावलं, दोघांना जवळ ठेवून हात जोडले. डोळे उघडले तेव्हा कळलं. समोर दोन सारखे पेन ड्राइव्ह होते आणि कोणता कुठला हे देवालाच ठाऊक होतं. सात वाजले होते. घरात कंप्युटर नाही. बाहेरची दुकानं दहाशिवाय उघडत नाहीत. आमच्या टीव्हीला तर पेन ड्राइव्हचं भोकच नाही.

दाजींना फोन लावला. मला नीट बोलताच येईना, पण त्यांना कळलं. मी रागावण्याची वाट बघत होते. ते म्हणाले, "चूक माझी हाय, बाई. काळा रंग मी ठेवायलाच नको होता." मग म्हणाले, थांबा, वही काढतो. पानं उलटल्याचा आवाज येत होता. मला रडू येत होतं आणि ते शांतपणे पानं उलटत होते. मग वाचून दाखवावं तसं म्हणाले की तुमच्या शेजारी बिलोलीच्या बाई राहतात. तीन वर्षांमागं तुमच्याकडं पूजा होती तेव्हा मी त्यांच्याकडं खुर्च्या मागायला गेलो होतो. त्यांच्या टीव्हीला एनटी चालतं, एक्स चालत नाही. दोन्ही लावून बघा. चालेल तो काळा. मी म्हटलं, दाजी, तुम्हीच त्यांना फोन करून सांगा ना. बिलोलीच्या बाई निवृत्त शिक्षिका. बारा वर्षं शेजारी राहून मी त्यांच्याशी मान हलवण्यापलीकडं बोलले नव्हते. दाजी म्हणाले, "मी हितून काय सांगू? पोरगी तुमची हाय. जावा तुम्ही, लाजू नका."

मी गेले. बाई दारात पेपर वाचत होत्या. मी ठरवलेलं वाक्य विसरले आणि हळदीकुंकू लावलेले दोन पेन ड्राइव्ह नुसते पुढं धरले. त्यांनी चष्म्यातून बघितलं आणि विचारलं, "कुणाची आरती आहे?" मी म्हटलं, माझ्या लेकीची. मग जे आलं ते बोलत गेले, आणि त्या पेपर टाकून उठल्या. टीव्हीच्या मागं हात घालून भोक मीच चाचपलं. पहिला लावला. पडद्यावर इंग्रजीत काहीतरी आलं आणि खाली दोन चौकटी. बाईंचा अंगठा रिमोटवर गेला. मी ओरडले, "नाही." आयुष्यात एवढ्या मोठ्यानं मी कुणाला नाही म्हटलं नसेल. आणि तेही बाईंना, त्यांच्याच घरात. त्यांनी अंगठा उचलला, पडदा वाचला आणि म्हणाल्या, खरंच की, हा पुसून टाकायचं विचारतोय. तो एक्सच होता, पुसला असता तरी लेकीचं काही बिघडलं नसतं. पण तेव्हा मला कुठं ठाऊक होतं.

दुसरा लावला. क्षणभर काहीच नाही. मग शिट्टी वाजली आणि माझी लेक मैदानात आली. तिची चढाई मी कधी बघितली नव्हती. मैदानावर मला लाज वाटायची, मी जात नव्हते. दोघींनी तिला कोपऱ्यात घेरलं आणि ती अंग काढून रेषेवर आडवी पडली, हात पलीकडं. मी पेन ड्राइव्ह काढायला उठले तर बाईंनी माझा हात धरला. "थांबा हो, एवढी चढाई होऊ द्या," त्या म्हणाल्या. "ही रोज सायकलवर जाते ती? तुमची मुलगी एवढी खेळते आणि तुम्ही कधी बोलला नाहीत?"

घरी येऊन मी शिलाईच्या डब्यातून काळा दोरा काढला आणि सामना दिसला त्या पेन ड्राइव्हला स्वतःच्या हातानं बांधला. नऊच्या आत पाकीट पोचलं. त्या दिवशी दुसऱ्या तिघींचे पेन ड्राइव्ह त्या टीव्हीवर उघडलेच नाहीत. माझ्या लेकीचा सामना शेवटच्या शिट्टीपर्यंत चालला. दाजींनी दिवसभर दुकान उघडलं नव्हतं. ते चाललं म्हणून सांगायला फोन केला तर पहिल्याच घंटीला उचलला. पंधरा दिवसांनी पत्र आलं. दोन जागांतली एक तिची.

त्या सगळ्या धांदलीत चित्रणवाल्याचे पैसे दाजींनीच भरले होते. दोन पेन ड्राइव्ह आणि त्यांचं येण्या-जाण्याचं भाडं धरून एकवीसशे चाळीस होत होते. मी किती वेळा द्यायला गेले, त्यांनी घेतले नाहीत. एकदा पापडाच्या डब्यात ठेवून पाठवले, तर त्याच डब्यातून कारळाच्या चटणीखाली ते परत आले.

आता लोक फोनवरच सगळं ऐकतात, बघतात. दाजींच्या दुकानात दिवसाला दोन-तीन गिऱ्हाइकं येतात. त्यांचे गुडघेही दुखतात, त्यामुळं कुणाच्या घरी जाणं कमी झालं आहे. पण अजून कुणी देवळातल्या डब्यासाठी भजनं भरायला आला की त्यांचा चेहरा उजळतो आणि चष्मा कपाळावर जातो. मागच्या महिन्यात लेक सुट्टीवर आली. घरी एक रात्र राहिली आणि दुसऱ्या दिवशी एकटीच औशाला गेली. तिनं सहा महिन्यांच्या हातखर्चातून साठवलेले पैसे दाजींच्या पुढं ठेवले. अक्का म्हणाली, लेकराचे पैसे घेताव, काही वाटत न्हाई का. मला वाटलं होतं, दाजी परत देतील. लेक सांगत होती, त्यांनी चष्मा पुसला, पैसे दोनदा मोजले आणि म्हणाले, "घेतलेच पाहिजेत. ही आता कमावती हाय. न्हाई घेतले तर तिची कमाई कमी धरल्यासारखं हुईल." मग त्यांनी वह्यांच्या ढिगातून पावतीपुस्तक शोधलं. कित्येक वर्षांत कुणाला पावती दिली नव्हती, कार्बन वाळून गेला होता. तरी त्यांनी तिचं पूर्ण नाव घालून पावती लिहिली. नोटा गल्ल्यात टाकल्या नाहीत. सदऱ्याच्या वरच्या खिशात, बटव्याजवळ ठेवल्या आणि वरून हात दाबून बराच वेळ रस्त्याकडं बघत बसले. एकवीसशे चाळीस, पूर्ण फिटले.